तेल किती दिवस चोळायचे?



‘वात आहे, तेल चोळ, जाईल’ हा सल्ला लालबाग-परळच्या चाळींत कुणीही कुणाला देतो. त्यात गैर काही नाही. दिवसभर ओझी उचललेल्या माणसाची पाठ किंवा म्हाताऱ्यांचे गुडघे यांना कोमट तेलाने आराम पडतो. कमरेत उसण भरली तर चार दिवस चोळून-शेकून माणूस कामाला लागतोही. माझे भांडण तेलाशी नाही. दुखणे हटत नसताना फक्त तेल बदलत राहण्याशी आहे. नारायण तेलाने गुण नाही म्हणून महानारायण, त्यानेही नाही म्हणून विषगर्भ, मग कुणी गावाहून आणलेले, मग स्टेशनबाहेर पदपथावर मिळणारे ‘खास जडीबुटीचे’. यात महिने जातात. आणि हे घडते कुठे? केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालये जिथे हाकेच्या अंतरावर आहेत, त्या परळच्या आसपास!

क्षय म्हटला की आपल्याला खोकला आठवतो. पण क्षय मणक्यातही होतो. पाठ दुखत राहते, रात्री जास्त, संध्याकाळी कणकण येते, भूक मरते, वजन उतरते. आमच्या मजल्यावरच्या एका सुताराने हे सगळे ‘कामाचा ताण’ म्हणून अंगावर काढले. रोज रात्री बायको पाठ चोळून द्यायची आणि त्याला बरे वाटायचे. खरी पंचाईत या बरे वाटण्यातच आहे. चोळल्याने वरचे स्नायू सैल पडतात, घटकाभर झोप लागते आणि आत जंतू हाड पोखरत राहतात. पाय जड पडू लागले तेव्हा त्याला रुग्णालयात नेले. मणक्याचा क्षय वेळेत सापडला तर बहुतेकांचा गोळ्यांनी बरा होतो आणि या गोळ्या सरकारी यंत्रणेत फुकट मिळतात. उशीर झाला तर पाठीला कुबड येते, पाय लुळे पडू शकतात.

काही दुखण्यांत तर चोळणे हाच अपाय असतो. वाढत्या वयातल्या मुलाच्या गुडघ्याजवळ सूज आली की ‘खेळताना लागले असेल’ म्हणून मालिश सुरू होते, नाहीतर हाडवैद्याकडे नेतात. हाडाचा कर्करोग बहुधा याच वयात आणि गुडघ्याच्याच आसपास होतो. तिथे रगडणे म्हणजे आगीशी खेळ. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळताना सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. गंधपुऱ्याच्या तेलात अ‍ॅस्पिरिनच्या कुळातले रसायन असते. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्याने ते रोज भरपूर चोळू नये, हे कोणता दुकानदार सांगतो?

मी असे बोललो की लगेच ‘तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात’ असा शिक्का बसतो. उलट आयुर्वेदानेच तेलाला मर्यादा घातली आहे. वाग्भटाने अभ्यंगाचे गुण गायले आणि तिथेच कफाने ग्रासलेल्याला, अजीर्ण झालेल्याला तो वर्ज्य सांगितला. सांधे सुजून आखडतात त्या आमवातात सुरुवातीला लंघन आणि वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला आहे, तेल नव्हे. पण आपल्याकडे सांधा सुजला की पहिली धाव बाटलीकडेच! अशा सांधेदुखीवर आज पहिल्या काही महिन्यांत योग्य औषधे सुरू झाली तर बोटे वाकडी होणे बऱ्याच अंशी टळते. 1941 साली परळला टाटा रुग्णालय सुरू झाले आणि त्याच साली वरळीला पोदार आयुर्वेद महाविद्यालय. पोदारमधला जाणता वैद्यही आधी रोगी तपासतो, मग तेल की काढा हे ठरवतो.

तेलाने प्रामाणिकपणे शर्थ केली आणि तरीही ते कमी पडले, असेही उदाहरण आहे. आपल्या सह्याद्रीत उगवणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल. सुश्रुताने त्याला तुवरक म्हटले आणि कुष्ठावर सांगितले. त्याचेच भाऊबंद असलेले चालमोगरा तेल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभरच्या कुष्ठरुग्णालयांत वापरले जाई. पोटात घेतले की मळमळ, टोचले की ठणका. हवाईमधल्या अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनतज्ज्ञ बाईने 1915 च्या सुमारास ते टोचण्याजोगे केले. तरी हमखास गुण येत नसे. 1940 च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि डॉक्टरांनी हे तेल बाजूला ठेवले. 1981 पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली बहुविध औषधे सहा किंवा बारा महिन्यांत कुष्ठरोग बरा करतात, तीही फुकट. तरी आजही संवेदना गेलेल्या चट्ट्यावर करंजाचे नाहीतर कडुनिंबाचे तेल लावत बसणारी माणसे आहेत, बोटे आखडेपर्यंत.

कायदा नाही असे नाही. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याच्या यादीत संधिवात, पक्षाघात, कुष्ठरोग, क्षय, कर्करोग ही सगळी नावे आहेत. हे रोग बरे करण्याची जाहिरात करायला मनाई आहे. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर पतंजलीला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. पण ‘लकवा, गठिया, सायटिका, मुळापासून’ अशा छोट्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतच असतात. संपादक महाशय, आरोग्य पुरवणीत डॉक्टरांचा लेख आणि त्याच्या पाठीमागच्या पानावर ही जाहिरात, हे कसे चालते?

लोक अडाणी म्हणून तेलाला चिकटतात, हे मला मान्य नाही. केईएमच्या केसपेपरच्या रांगेत सकाळ जाते, एक्स-रेला दुसरा दिवस, रिपोर्टला तिसरा. हातावर पोट असलेल्याचे तेवढे खाडे होतात. त्या हिशेबात तेलाची बाटली स्वस्तच पडते. म्हणून महापालिकेने आपल्या दवाखान्यांत संध्याकाळच्या वेळी हाडे-सांध्यांची प्राथमिक तपासणी ठेवावी. उत्पादकांनी बाटलीवर ठळक मराठीत छापावे: दोन आठवड्यांत आराम नसेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि संपादक महाशय, आपण ‘मुळापासून’वाल्या जाहिराती नाकाराव्यात.

वाचकांना एवढेच सांगतो. ताप, वजन उतरणे, रात्रीचे दुखणे, बधिरपणा, वाढती सूज, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांतले काहीही असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका. आणि डॉक्टरांकडे जाताना तेलाची बाटली लपवू नका, बरोबर न्या. काय चोळले आणि किती दिवस, हे त्यांना कळायला हवे.

— एक वाचक, लालबाग