ठसे द्यायला मुंबईच कशाला?

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची फी जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे. विद्यार्थ्यालाही तेवढीच, शिवाय सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणी यंत्रणेचे ३५० डॉलर वेगळे. हे आकडे संकेतस्थळावर छापलेले असतात आणि घरी खर्चाचा अंदाज बांधताना तेच धरले जातात. न छापलेला खर्च निराळाच असतो. गोंदियाहून किंवा सावंतवाडीहून मुंबईला येण्याजाण्याचं भाडं, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या आसपास दोन रात्रींची खोली, सोबत आलेल्या वडिलांची किंवा भावाची गेलेली रजा, आणि तारीख चार दिवसांवर आलेली असताना तत्काळमध्ये मिळालेलं किंवा न मिळालेलं तिकीट. हा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही, म्हणून त्याचा जाबही कुणी कुणाला विचारत नाही. माझं म्हणणं असं की, या खर्चाचा आणि त्यामागच्या धावपळीचा मोठा भाग टाळता येण्यासारखा आहे. तो टाळल्याने अमेरिकेच्या सुरक्षेला कसलीही बाधा येत नाही, आणि त्यासाठी बोलणी करण्याचं काम अर्जदाराचं नसून आपल्या सरकारचं आहे.

मुंबईतली अमेरिकी वकिलात पूर्वी ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये होती. नोव्हेंबर २०११ मध्ये ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली आणि २०१२ पासून बोटांचे ठसे व फोटो घेण्याचं काम वकिलातीबाहेर, कंत्राटदाराच्या केंद्रात नेण्यात आलं. आतली गर्दी कमी व्हावी हा हेतू रास्तच होता. अंधेरीच्या माणसाला त्यामुळे एकाऐवजी दोन फेऱ्या पडतात, एवढंच. बाहेरगावच्या माणसाला मात्र मुक्काम करावा लागतो, कारण ठसे आधी द्यायचे आणि मुलाखतीला नंतर जायचं. पहिल्या दिवसाचं काम रांग धरून तासाभराचं, दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी प्रत्यक्ष बोलणं बहुधा दोन-तीन मिनिटांचं. त्यात मोबाइल, लॅपटॉप किंवा बॅग आत नेता येत नाही आणि सामान ठेवण्याची वकिलातीत सोय नाही. हॉटेलची खोली सोडून बॅग घेऊनच आलेल्या माणसाने ती ठेवायची कुठे? या प्रश्नावर फाटकाबाहेर एक धंदाच उभा राहिला. जून २०२५ मध्ये तिथल्या एका रिक्षावाल्याची बॅगा सांभाळण्याची कमाई समाजमाध्यमांवर गाजली आणि लगेच पोलिसांनी तो प्रकार बंद पाडला. कमाईच्या आकड्यावर बरीच चर्चा झाली. रोज इतक्या लोकांना अनोळखी माणसाच्या हाती बॅग सोपवून आत जावं लागतं, यावर फारसं कुणी बोललं नाही.

यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे, आधीपासून नीट नियोजन करा, ऐनवेळी पळापळ कशाला? सल्ला चांगला आहे, पण २०२५ या एका वर्षात काय घडलं ते पाहिलं तर तो पाळायचा कसा हेच कळत नाही. १ जानेवारीपासून भारतात अपॉइंटमेंट फक्त एकदाच विनामूल्य बदलता येऊ लागली. दुसऱ्यांदा बदलायची तर फी नव्याने. मार्चमध्ये दूतावासाने बॉट वापरून पटकावलेल्या सुमारे २,००० अपॉइंटमेंट रद्द केल्या, याचा अर्थ साध्या माणसाची गाठ आधी यंत्राशी होती. २७ मेला विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं जगभर थांबलं आणि १८ जूनला समाजमाध्यमांच्या तपासणीची अट घालून ते पुन्हा सुरू झालं. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होणार असलेल्या मुलाच्या हातून ऐन मोसमातले तीन आठवडे असे गेले. पुढे स्लॉट तुकड्यातुकड्याने उघडू लागले आणि जो मिळेल तो घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. सप्टेंबरमध्ये दोन नियम एकापाठोपाठ आले. बहुतेकांची मुलाखतीची सूट गेली, आणि अर्ज स्वतःच्या किंवा राहत्या देशातच करण्याची सक्ती झाली. गंमत अशी की, फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या रांगा हाताबाहेर गेल्या होत्या तेव्हा खुद्द अमेरिकी दूतावासानेच, परदेशी जाणार असाल तर तिथे, उदाहरणार्थ बँकॉकला अर्ज करून पाहा, असं भारतीयांना सुचवलं होतं. डिसेंबरमध्ये तर एच-१बी वाल्यांच्या ठरलेल्या मुलाखती परस्पर पुढच्या वर्षात ढकलल्या गेल्या आणि जुन्या तारखेला आलात तर आत घेतलं जाणार नाही, असं जाहीर झालं. धावपळ होते ती बऱ्याचदा तारीख देणाऱ्याच्या वेळापत्रकामुळे. घेणाऱ्याला आळशी ठरवणं सोपं असतं, एवढंच.

विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. व्हिसा अभ्यासक्रमाच्या वर्षभर आधी मिळू शकतो, असं नियम सांगतो. पण त्यासाठी विद्यापीठाचं आय-२० हे पत्र हाती असावं लागतं, त्यासाठी पैशांची व्यवस्था दाखवावी लागते, आणि शैक्षणिक कर्जाची मंजुरी बँकेतून उन्हाळ्याआधी क्वचितच बाहेर पडते. म्हणजे सगळी साखळी जुळून येते ती मे-जूनमध्ये, आणि मुलाखतीची तारीख पडते जून ते ऑगस्टमध्ये. याच काळात कसाऱ्याच्या नाहीतर खंडाळ्याच्या घाटात दरड कोसळते, कुर्ला-शीव दरम्यान रुळांवर पाणी भरतं आणि विदर्भ एक्स्प्रेस किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेस मध्येच कुठेतरी उभी राहते. गाडी चुकली म्हणून तारीख बदलावी लागली तर ती एकमेव मोफत संधी तिथेच संपते. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला आणि भूमिगत मेट्रोचं स्थानक वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे, हे खरं. पण ७०१ किलोमीटरचा रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी ७०१ किलोमीटरचाच राहतो.

नागपूरकरांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. भारतात कुठूनही कुठल्याही अमेरिकी वकिलातीत अर्ज करता येतो, म्हणून त्यांच्यातले पुष्कळ जण हैदराबादची तारीख शोधतात. मुंबई रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर, हैदराबाद सहाशेच्या आत, आणि सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारतही धावते. महाराष्ट्राच्या उपराजधानीतल्या माणसाला व्हिसासाठी शेजारचं राज्य सोयीचं पडतं, यावर आपल्या राजकारणात कधी कुणी चकार शब्द काढल्याचं आठवत नाही. बंगळूरकरांनी हाच प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. चेन्नईला जावं लागतं ही त्यांची जुनी तक्रार. जानेवारी २०२५ मध्ये बंगळूरला वकिलातीचं उद्घाटन झालं. त्या दिवशी व्हिसाचं काम सुरू झालं नव्हतं हे खरं, पण मागणी सतत केली की निदान फलक तरी लागतो.

म्हणून नागपूरलाही वकिलात द्या, असं मी म्हणणार नाही. वकिलात उभी करणं खर्चाचं काम आहे, त्याला वर्षं लागतात, आणि मुलाखत प्रत्यक्ष अधिकाऱ्यासमोरच व्हावी असा अमेरिकेचा कायदा आहे. सूट कुणाला द्यायची हेही तेच ठरवतात. ते आपल्या हातातलं नाही. ठसे मात्र अधिकारी घेत नाही, आजही कंत्राटदाराचा माणूस घेतो. स्लॉट मिळतील तसे ठसे एका शहरात आणि मुलाखत दुसऱ्या शहरात, असंही लोक करतात. दोन्ही कामं एकाच शहरात अडकून पडण्याचं कारण यातच संपतं. सुरक्षेचा आक्षेपही टिकत नाही, कारण मुलाखतीच्या दिवशी वकिलातीत बोटं पुन्हा यंत्रावर ठेवून आधीच्या ठशांशी ताडून पाहिली जातात. नागपुरात एकाने ठसे दिले आणि मुंबईत दुसराच उभा राहिला, तर तो त्या खिडकीपाशीच पकडला जाईल. ब्रिटनचं केंद्र पुण्यात चालतं. शेंगेन देश एकदा घेतलेले ठसे ५९ महिने चालवून घेतात. आणि आपल्याकडे या कामाची सवय किती जुनी आहे, हे नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात विचारावं. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार तिथे दिलं गेलं. दहाही बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं त्या पाड्यावर नोंदवली गेली. त्याच जिल्ह्यातल्या मुलाला आज दहा बोटं काचेवर ठेवण्यासाठी मुंबईत मुक्काम करावा लागतो. जागेचाही प्रश्न नाही. २०१७ पासून पोस्टाच्या कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रं निघाली, देशभरात ती चारशेच्या वर आहेत, आणि पासपोर्टसाठी ठसे व फोटो तिथेच घेतले जातात. पासपोर्ट जिल्ह्याच्या गावी मिळतो आणि व्हिसासाठी राजधानी गाठायची, ही विसंगती बाहेरून लादलेली असली तरी आपण ती निमूट मान्य केली आहे.

अमेरिकेला जाणारे पैसेवाले, त्यांच्या हॉटेलच्या बिलाची काळजी वाहायला देशात दुसरे प्रश्न नाहीत का, असं कुणी म्हणेल. हा आक्षेप मला उडवून लावावासा वाटत नाही, कारण शाळा-दवाखान्यांपुढे हा प्रश्न लहानच आहे. पण जाणारे सगळे पैसेवाले ही समजूत आता जुनी झाली. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. इतकी मुलं काही श्रीमंतांच्याच घरातली नसतात. त्यात शेत किंवा घर तारण ठेवून गेलेली पुष्कळ आहेत. दुसरा मोठा वर्ग आईवडिलांचा. मुलीच्या बाळंतपणाला डॅलसला निघालेली आई साताऱ्याची असते, तिला इंग्रजी जेमतेम येतं आणि मुंबईत तिचं कुणी नसतं. २ सप्टेंबर २०२५ पासून ७९ वर्षांवरच्या वृद्धांची मुलाखतीची सरसकट सूटही गेली. पतवंडाच्या बारशाला जाऊ पाहणाऱ्या ऐंशीच्या आजोबांना आता वकिलातीच्या रांगेत उभं राहायचं आहे, तेही खिशात मोबाइल नसताना, बाहेर थांबलेला मुलगा नेमका कुठे आहे हे माहीत नसताना. पैसेवाल्याची यातून फारशी अडचण होत नाही. तो विमानाने येतो, संकुलातल्याच हॉटेलात उतरतो आणि बॅग खोलीवर ठेवतो. अंतराचा दंड भरतो तो बाकीचा.

व्हिसा हा हक्क नाही, तो देणाऱ्या देशाचा सार्वभौम अधिकार आहे, हा सर्वांत भारदस्त आक्षेप. तो बरोबरच आहे. फक्त या मागणीला तो लागू पडत नाही. कुणाला प्रवेश द्यायचा हे अमेरिकेने ठरवावं. पण परक्या देशाची वकिलात आपल्या भूमीवर कुठे असावी यात यजमान देशाची संमती लागते, असं १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं चौथं कलमच सांगतं. अर्जदारांनी कुठे रांग लावावी हा विषय त्यामुळे दोन सरकारांनी बोलण्याचा आहे आणि त्यासाठी भारत-अमेरिका वाणिज्यदूत संवाद नावाची बैठक मुळात आहेच. आपण अमेरिकी नागरिकाला काय देतो, हेही त्या टेबलावर मांडता येईल. नोव्हेंबर २०१४ मध्ये भारताने ४३ देशांसाठी ऑनलाइन पर्यटक व्हिसा सुरू केला, त्यात अमेरिका पहिल्या यादीपासून आहे. ओहायोतला माणूस स्वयंपाकघरात बसून अर्ज भरतो, ठसे भारताच्या विमानतळावर उतरल्यावर देतो. तसाच व्हिसा त्यांनी आपल्याला द्यावा, ही अपेक्षा भाबडी ठरेल. दहा बोटांच्या ठशांपुरती सवलत मागणं मात्र भाबडेपणाचं नाही.

आणि हे जमतं, हे आपल्याच परराष्ट्र खात्याने दाखवून दिलं आहे. अमेरिकेतल्या भारतीयांना पासपोर्टसाठी दूरच्या शहरात जावं लागतं अशी ओरड होती, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये डॅलस, डेट्रॉइट, एडिसन, बॉस्टन अशा शहरांत नवी अर्ज केंद्रं उघडण्यात आली. त्यांच्या भूमीवर, कंत्राटदारामार्फत. हा कंत्राटदारही घरचाच म्हणायचा: व्हीएफएस ही कंपनी २००१ मध्ये मुंबईतच जन्मली, आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक होती अमेरिकी वकिलात. एडिसनच्या मराठी माणसासाठी जी यंत्रणा हलते ती नागपूरच्या माणसासाठी का हलत नाही, याचं तांत्रिक उत्तर कुणाकडे असेल असं वाटत नाही.

एक धोका दिसतो, तो आधीच सांगून ठेवलेला बरा. खासगी केंद्रं आली की प्रीमियम लाउंज, एसएमएसचे पैसे, झेरॉक्सचे पैसे असे फाटे फुटतात आणि वाचलेलं गाडीभाडं तिथेच संपतं. म्हणून जागा पोस्टाची असावी, यंत्र आणि माणूस कंत्राटदाराचा असावा, आणि जादा आकार किती घ्यायचा ते करारातच लिहिलेलं असावं. अमेरिकी वकिलातींचं व्हिसाचं काम अर्जदारांच्या फीवरच चालतं, तेव्हा त्यांच्या करदात्याच्या खिशाला हात लावण्याचा प्रश्न येत नाही. शंभर-दोनशे रुपये जास्त लागले तर मुंबईचा एक मुक्काम वाचवणारा माणूस ते आनंदाने देईल. आठवड्याचे सगळे दिवस केंद्र चालवायचीही गरज नाही. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत, आठवड्यातून दोन दिवस, नागपुरात एक आणि कोल्हापुरात एक एवढ्यावर सुरुवात करून अर्जदार किती येतात ते पाहता येईल. नागपूरने आजवर केंद्रात वजनदार मंत्री पाठवले आहेत. त्यांच्यापैकी कुणी पुढच्या वाणिज्यदूत संवादाच्या विषयपत्रिकेत ही एक ओळ घालायला लावली, तरी कामाला तोंड फुटेल.