भंगारातला बोर्ड किलोवर विकू नका

व्हिडिओ गेम पार्लरचे जुने सर्किट बोर्ड आपले कबाडी बांधव आजही किलोच्या भावाने विकतात, हे मला मुळीच पटत नाही. माझा धंदा कापडाचा. परंतु माल ओळखल्याशिवाय त्याचा भाव बोलू नये, हा कायदा सर्व धंद्यांना लागू आहे. एम्प्रेस मिलचे थान आणि चिंध्यांचे गाठोडे कोणी एका काट्यावर तोलत नसे.

नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली असे पार्लर होते. १९९१ चा 'स्ट्रीट फायटर २' आणि १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' हे दोन्ही खेळ जपानच्या कॅपकॉम कंपनीचे. दुसऱ्याचे लांबलचक नाव पोरांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यातल्या एका पात्रावरून त्यांनी त्याला सरळ 'मुस्तफा' करून टाकले! पुढे घरोघरी संगणक आले, मोबाइल आले आणि पार्लर बंद पडले. आता तीच पोरे चाळिशीची कमावती माणसे झाली आहेत. जुनी मशीन पुन्हा उभी करणारे शौकीन देशात आहेत, परदेशात तर पुष्कळ आहेत, आणि अस्सल बोर्डाला ते चांगला दाम देतात.

आमच्या मनीषनगरात टीव्ही दुरुस्त करणारा एक तरुण या कामात शिरला आहे. किरकोळ सुटे भाग तो बर्डीवरून आणतो; बोर्ड मात्र कबाड्यांकडून आणि बंद पार्लरवाल्यांच्या माळ्यावरून मिळवतो. त्याची ओळखण्याची रीत मला आमच्यासारखीच वाटली. आम्ही थानाच्या काठावर मिलचा छाप पाहतो, तोही आधी काठच पाहतो. काठावर धातूच्या पट्ट्या एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८ असल्या, तर तो बोर्ड बहुधा 'जामा' पद्धतीचा. जपानी मशीन उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये ठरवलेली ही जोडणी पुढे जगभर चालली.

नंतर चिपवरचे आकडे. ९२२५ असेल तर ती चिप १९९२ च्या पंचविसाव्या आठवड्यातली. म्हणजे बोर्ड त्याआधीचा नव्हे. काही चिपना काचेची खिडकी असून तिच्यावर कागद चिकटवलेला असतो. तो कागद साफसफाईच्या नादात काढू नका. अतिनील प्रकाशाने आतला खेळ पुसला जातो. कागदावरचे अक्षर-आकडे मात्र लिहून घ्यावेत, कारण १९९७ पासून चाललेल्या 'मेम' प्रकल्पात हजारो खेळांच्या चिपची नोंद आहे, तिच्याशी ते ताडून पाहता येतात.

आपल्याकडे नकली बोर्ड भरपूर चालले. अस्सलवर कंपनीचे नाव आणि तिच्या खास चिप असतात. नकलीवर बाजारातल्या साध्या चिपच्या रांगा, वरून जोडलेल्या तारा, आणि नाव बहुधा नाहीच. नकली विकणे सोडा, असे मी म्हणत नाही, खेळ तोही चालवतो. पण बिलावर 'नकली' लिहा! पॉलिस्टरला सुती म्हणून विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. इथे तर परदेशातले गिऱ्हाईक एका फोटोवरून माल ओळखते.

ऐब सांगण्याची गोष्ट बॅटरीचीही आहे. अस्सल 'मुस्तफा'च्या बोर्डात आवाजाच्या भागाची गुप्त किल्ली बॅटरीवर जपलेली असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मुका होऊन बसतो. असा बोर्ड कबाडी मेलेला समजून फेकतो, पण तो पुन्हा जिवंत करण्याची युक्ती आता अभ्यासकांनी शोधली आहे. एसएनके कंपनीच्या १९९० च्या मशीनमध्ये तर बॅटरी गळून तांब्याच्या रेघा खाते. ती आधी काढून टाकावी.

सोन्यासाठी बोर्ड तेजाबात टाकणारे थोडक्या कमाईसाठी फुप्फुसे जाळून घेतात. आपल्या पोरांना त्या कामापासून दूर ठेवा.

घेताना दोन्ही बाजूंचे फोटो मागावेत आणि चालवून दाखवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. चालवताना बोर्ड उलटा खोचू नये, जळतो. सातव्या पट्टीच्या जागी बहुधा खाच असते, तिच्यावरून दिशा कळते. आणि ५ व्होल्ट मीटरने थेट बोर्डाच्या काठावर मोजावेत, कारण जुन्या तारांत दाब उतरतो.