पाण्याचे वजन

व्यापारात वस्तूची किंमत सर्वजण विचारतात. तिचे वजन फार थोडे जण विचारतात. सांगलीच्या हळदबाजारात तीन पिढ्यांपासून अडत चालवणाऱ्या एका घरात हा प्रश्न उभा राहिला, आणि तोही हळदीच्या पोत्यांवरून नव्हे, तर लंडनच्या हॅरो उपनगरातील खिडक्या धुण्यासाठी लागणाऱ्या पाण्यावरून.

घरातील धाकटा मुलगा दहा वर्षांपासून तेथे स्थायिक आहे. ज्या गोदामात तो हिशेबनीस होता ते बंद झाले आणि त्याने दुसरी नोकरी शोधण्याऐवजी घरांच्या खिडक्या स्वच्छ करण्याचा व्यवसाय करायचे ठरवले. आईच्या मनाला ते लागले. शिकलेल्या मुलाने लोकांच्या काचा पुसायच्या, हे नातेवाइकांना कसे सांगावे, असे तिला वाटले. अण्णा मात्र शांत होते. "गिऱ्हाइकाचे काम चोख करायचे आणि दाम घ्यायचे, यात कमीपणा कसला?" एवढेच ते म्हणाले. त्यांची काळजी निराळी होती. मुलाने पाच वर्षांची बचत आणि वर कर्ज, असे मिळून एकदम मोठी गाडी घेण्याचे योजले होते.

ब्रिटनमध्ये हा धंदा पूर्वी शिडी, बादली आणि रबरी पट्टीवर चालत असे. उंचीवरील कामांविषयीचे नियम तेथे २००५ साली लागू झाले. शक्य असेल तेथे उंचीवर चढणेच टाळावे, हे त्यांचे पहिले सूत्र. शिडीवर बंदी आली नाही. पण जमिनीवर उभे राहून वरच्या मजल्याची काच धुता येईल अशा साधनाकडे बहुतेकांचा कल झाला. हे साधन म्हणजे काचतंतूचा किंवा कार्बनतंतूचा, एकात एक सरकणारा लांब दांडा. त्याच्या टोकाला ब्रश, ब्रशमध्ये बारीक छिद्रे आणि दांड्यातून वर जाणारी पाण्याची नळी. ब्रशने धूळ सुटते, पाण्याने ती वाहून जाते आणि काच पुसावी लागत नाही. ती आपोआप वाळते.

मात्र त्यासाठी पाणी साधे चालत नाही. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार काच वाळल्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात. लंडनचे पाणी कठीण आहे. टीडीएस मीटर तेथे तीनशेच्या आसपास आकडा दाखवतो. काच स्वच्छ वाळावी म्हणून हा आकडा शून्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ आणावा लागतो. त्यासाठी प्रथम आर. ओ. यंत्रातून बहुतेक क्षार काढतात आणि उरलेले रेझिनच्या नळकांड्यात अडवतात. ग्लासगो शहराला १८५९ पासून लॉक कॅट्रिन या सरोवराचे अतिशय मृदू पाणी मिळते. तशा ठिकाणी केवळ रेझिनवर भागते. लंडनमध्ये तसे केले तर रेझिन लवकर संपते आणि नफाही त्याच्याबरोबर संपतो. म्हणून पहिली खरेदी दांड्याची नव्हे, तर मीटरची. पाणी गाळून वापरण्याची सवय असलेल्या घरातील अण्णांना हे समजायला वेळ लागला नाही. आर. ओ. यंत्रातून जितके शुद्ध पाणी मिळते, जवळजवळ तितकेच किंवा त्याहून अधिक बाजूला पडते, हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या पाण्याचे काय करतोस, हा. ते बागेला आणि फरशीला देतो, असे मुलाने सांगितले.

खरा प्रश्न होता तो हे शुद्ध पाणी गिऱ्हाइकाच्या दारी नेण्याचा. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला ट्रॉलीचा. चाकांच्या गाड्यावर २५ ते ४५ लिटरची टाकी, बारा व्होल्टची बॅटरी आणि लहान पंप. घरी तयार केलेले पाणी २५ लिटरच्या कॅनमध्ये भरून साध्या मोटारीतून न्यायचे आणि ट्रॉलीत ओतायचे. दुसरा मार्ग व्हॅनचा. गाडीतच मोठी टाकी, पंप आणि रिळावर गुंडाळलेली शंभर मीटरची नळी. गाडी रस्त्यावर उभी करायची, नळी ओढत न्यायची आणि दिवसभर पाण्याची चिंता करायची नाही. ट्रॉलीचा संच काही शे पौंडांत उभा राहतो. गाडीसह दुसऱ्या मार्गाला काही हजार लागतात.

मुलाने व्हॅन आणि ६५० लिटरची टाकी पाहून ठेवली होती. एका रविवारी त्याने दूरध्वनीवर सारा बेत सांगितला.

"अण्णा, ट्रॉलीने दिवसाला तासभर वाया जातो. व्हॅन असली की तेवढ्यात दोन घरे होतील."

"ती दोन घरे आहेत का आज तुझ्याकडे?" अण्णांनी विचारले.

मुलगा क्षणभर गप्प झाला. त्या वेळी त्याच्याकडे ८० घरे होती, प्रत्येक घर दर चार आठवड्यांनी. महिन्याचे वीस दिवस काम धरले तर दिवसाला चार घरे. अण्णांनी त्याला वही घेऊन बसायला सांगितले.

एका घराला साधारण २५ लिटर पाणी लागते. दिवसाची चार घरे म्हणजे १०० लिटर, म्हणजे चार कॅन. एक कॅन चढवणे, उतरवणे आणि ओतणे यात चार मिनिटे धरली तर दिवसाला सोळा मिनिटे. ही सोळा मिनिटे व्हॅनने वाचतील हे खरे. पण त्या वेळेत करायला काम नसेल तर ती वाचून हाती काय लागणार? पेढीवर गिऱ्हाईक नसताना दुसरा तराजू आणून विक्री वाढत नाही. वाचलेल्या वेळेचा पैसा तेव्हाच होतो, जेव्हा त्या वेळेसाठी गिऱ्हाईक थांबलेले असते.

मग दुसरी बाजू मांडली गेली. घरे दिवसाला बारा झाली तर पाणी ३०० लिटर, कॅन बारा आणि वेळ ४८ मिनिटे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. प्रत्येक कॅन एकदा मोटारीत आणि एकदा ट्रॉलीवर असा दोनदा उचलला तर रोज ६०० किलो वजन पाठीवर येते. एका घराला पंचवीस मिनिटे आणि पंधरा पौंड धरले, तर ती ४८ मिनिटे म्हणजे जवळजवळ दोन घरे, दिवसाचे तीस पौंड. आठवड्याचे पाच दिवस धरले तर दीडशे पौंड. त्या टप्प्यावर ट्रॉलीला चिकटून राहणे हीच उधळपट्टी, आणि पाठ गेली तर धंदाच गेला. म्हणजे व्हॅन चुकीची नव्हती. चुकीची होती ती तिची वेळ.

कर्जाचे गणितही त्याच वहीत उतरले. गाडी आणि संच मिळून १४,००० पौंडांचे कर्ज, दर दहा टक्के आणि मुदत चार वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३५५ पौंड येतो. पंधरा पौंडांच्या दराने ती चोवीस घरांची कमाई. ८० घरांतील चोवीस घरे केवळ सावकारासाठी धुवायची. महिन्याला २४० घरे झाली की तोच हप्ता दहावा हिस्सा ठरतो. हप्ता बदलत नाही. त्याचे ओझे बदलते.

मुलाने जुनी, स्वस्त डिझेल व्हॅन घेण्याचा पर्याय काढला. पण २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सर्व उपनगरांत प्रदूषण-नियंत्रण क्षेत्र लागू आहे. युरो ६ मानकात न बसणाऱ्या डिझेल गाडीला तेथे दररोज साडेबारा पौंड भरावे लागतात. महिन्याचे वीस दिवस म्हणजे २५० पौंड. स्वस्त गाडी दुसरा हप्ताच होऊन बसली असती.

टाकीच्या आकाराबाबत तर अण्णांचा अनुभव थेट कामी आला. लहान व्हॅनची भारक्षमता साधारण ६०० ते ९०० किलो असते. ६५० लिटरची भरलेली टाकी म्हणजे पाण्याचेच ६५० किलो. त्यावर टाकी, लोखंडी चौकट, पंप, रिळे आणि दांडे. टेम्पोत दहा पोती जास्त टाकून ब्रेक न लागल्याचे प्रसंग हळदबाजाराला नवे नाहीत. शिवाय पाणी पोत्यासारखे जागेवर बसत नाही; अर्धी भरलेली टाकी वळणावर डुचमळते, म्हणून तिच्या आत आडपडदे लागतात. ताशी तीस मैलांच्या वेगातील गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर ४०० किलोची टाकी सुमारे सात टनांच्या जोराने चालकाच्या पाठीकडे झेपावते. साध्या पट्ट्याने बांधलेली टाकी तेथे थांबणार नाही. ती धडकेची चाचणी झालेल्या चौकटीतच, गाडीच्या सांगाड्याला बोल्टने बसवलेली हवी आणि गाडीतील हा बदल विमा कंपनीला कळवलेला हवा. ज्याचे रोजचे पाणी ३०० लिटर, त्याला ३५० ते ४०० लिटरची टाकी पुरते. उरलेले २५० किलो पाणी रोज फिरवून आणायचे, तर त्याचे इंधन कोणाच्या खिशातून जाणार?

अखेर ठरले ते असे. दांडा चांगल्यातला घ्यायचा, कारण तो उद्या व्हॅनलाही चालेल. आर. ओ. यंत्र घरी बसवायचे. थंडीत ते गोठू द्यायचे नाही, कारण गोठलेला पडदा निकामी होतो. ट्रॉली घ्यायची आणि सध्याची मोटार चालवायची. वहीत रोज दोन आकडे लिहायचे: किती लिटर पाणी वापरले, आणि पाणी किंवा वेळ नाही म्हणून किती गिऱ्हाइकांना नकार द्यावा लागला. दुसरा आकडा सलग तीन महिने वाढत राहिला की गाडी घ्यायची. विजेच्या तारांजवळ ओला दांडा कधीही उभारायचा नाही, ही अट आईने घातली. कार्बनतंतूतून वीज वाहते, हे तिला मुलानेच सांगितले होते.

तो दुसरा आकडा चौदा महिन्यांनी वाढू लागला. तीन महिने वाट पाहून मुलाने ४०० लिटरची टाकी असलेली व्हॅन घेतली. बचत वाढल्यामुळे कर्ज निम्मेच काढावे लागले. ट्रॉली विकली नाही. जेथे गाडी उभी करता येत नाही अशी बाजारपेठेतील दुकाने आणि जेथे नळी पोहोचत नाही अशी आतल्या चौकातील घरे आजही तिच्यावरच होतात. एकदा गाडी दुरुस्तीला गेली, तेव्हा चार दिवस तिनेच धंदा सांभाळला.

या वहीची एक प्रत सांगलीतही आली आहे. २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून घरांच्या छपरांवरील सौर पटलांचा विषय जिल्ह्याच्या गावांतही निघू लागला आहे. कूपनलिकेच्या कठीण पाण्याने ती धुतली की तेच पांढरे डाग उरतात. थोरल्या मुलाने पटले धुण्याचे काम जोडधंदा म्हणून घेण्याचे मनात आणले आणि पिकअप गाडीचे दरपत्रक आणून अण्णांपुढे ठेवले.

अण्णांनी ते बाजूला सारले नाही. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले आणि विचारले, "छपरे किती ठरली आहेत?"

थोरला हसला आणि आत जाऊन कोरी वही घेऊन आला.