घाम चालतो, मत नको
लिश्टेनस्टाइनला लोकशाहीचा आदर्श म्हणतात. मला ते पटत नाही. सुमारे ४०,००० लोकवस्तीतला दर तिसरा माणूस परदेशी नागरिक. त्याला संसदेच्या निवडणुकीत मत नाही. मोठेपणी आलेल्याला नागरिकत्व हवं, तर साधारणपणे ३० वर्षं राहा किंवा १० वर्षांनी गावकऱ्यांच्या मतदानाला सामोरे जा. वर मूळ नागरिकत्व सोडा. ही अट सैल करायला २०२०च्या सार्वमतानं नकार दिला. बायकांनाही राष्ट्रीय मताधिकार मिळाला तो थेट १९८४मध्ये, पुरुषांच्या मर्जीनं.

‘देश चिमुकला, बाहेरचे गिळतील’ म्हणे. निम्म्याहून जास्त कामगार रोज सीमेपलीकडून येतात, तेव्हा ही भीती कुठे जाते? ते निदान संध्याकाळी घरी परततात. पण ज्यांचं घरच तिथं आहे, त्यांनी किती वर्षं पाहुणं राहायचं?