घड्याळ तेच, माणूस कुठाय?

‘२४’ या मालिकेच्या पहिल्याच भागात तिचा नायक जॅक बाउअर मुलीबरोबर बुद्धिबळ खेळतोय. मध्यरात्र झालीय. जॅक नुकताच घरी परत राहायला आलेला, बायकोशी जेमतेम जुळतंय, मुलगी आईवर रुसलेली. थोड्याच वेळात ती खिडकीतून पसार होते आणि ऑफिसातून जॅकला बोलावणं येतं. बॉम्ब, कट, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचा जीव, हे सगळं त्यानंतरचं. आधी दिसतं ते एक घर. कसंबसं सावरू पाहणारं.

‘२४: लेगसी’ पाहताना मला सारखा तो पट आठवत होता.

६ नोव्हेंबर २००१ रोजी फॉक्स वाहिनीवर ‘२४’ सुरू झाली. एक सीझन म्हणजे एक दिवस, एक भाग म्हणजे एक तास. पडद्याचे दोन-चार तुकडे करून एकाच वेळी चार ठिकाणी चाललेलं दाखवायचं, आणि जाहिरातीच्या आधी-नंतर ते टिकटिकणारे आकडे. २०१० पर्यंत आठ सीझन झाले, २०१४ मध्ये लंडनमध्ये घडणारे बारा भाग आले. त्यानंतर २०१७ मध्ये निर्मात्यांनी जॅकला, म्हणजे किफर सदरलँडला, वगळून ‘२४: लेगसी’चा नवा डाव मांडला. सदरलँड तेव्हा ‘डेझिग्नेटेड सर्व्हायव्हर’मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला होता. नवा नायक एरिक कार्टर, लष्करातला माजी रेंजर; भूमिकेत कोरी हॉकिन्स. पहिला भाग दाखवला ५ फेब्रुवारीला, सुपर बोलचा सामना संपल्या संपल्या. अमेरिकन टीव्हीवर याहून मोठा मुहूर्त नाही. तरी बारा भागांत सगळं आटोपलं आणि जूनमध्ये मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं.

याचं खापर हॉकिन्सच्या माथी फोडणं मला अजिबात मान्य नाही. ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’मध्ये ज्यांनी त्याला पाहिलंय त्यांना त्याची ताकद माहीत आहे. ‘लेगसी’तही तो धावतो, लढतो, जीव ओतून काम करतो. पण त्याला दिलं काय? एरिक आणि त्याच्या बायकोची आपल्याला नीट ओळख व्हायच्या आत त्यांच्या घरात मारेकरी घुसतात. जे घर आपण पाहिलंच नाही, ते उद्ध्वस्त झालं म्हणून आपला जीव का कळवळावा?

जॅकचं तसं नव्हतं. पहिल्या सीझनच्या शेवटी बायकोचा मृतदेह कवटाळून तो बसतो तेव्हा आकडे पुढे सरकतात, पण टिकटिक ऐकू येत नाही. ती शांतता ज्यांनी ऐकलीय ते ती विसरलेले नाहीत. पुढे मित्र गेला, प्रेयसी गेली. चिनी कैदेतून सुटून तो परत येतो तेव्हा दाढी वाढलेली, अंगभर वळ, तोंडातून शब्द फुटत नाही. सदरलँडच्या त्या घोगऱ्या, दबक्या आवाजात या सगळ्याचा साठा होता. घड्याळ चोवीस तासांचं असलं तरी त्याच्या चेहऱ्यावर आठ-नऊ वर्षं साचलेली असायची. तो चेहरा गेला आणि मागे उरले नुसते आकडे.

मग नट बदलून मालिका चालतच नाही का? चालते. आपल्याकडेच चालली. मूळ मालिकेच्या आठव्या सीझनमध्ये अनिल कपूरने एका देशाच्या राष्ट्राध्यक्षाची भूमिका केली आणि २०१३ मध्ये तो ‘२४’ हिंदीत घेऊन आला. दिग्दर्शक होता अभिनय देव, रमेश देव-सीमा देव यांचा मुलगा. तिथे जयसिंह राठोडची गोष्ट पहिल्या पायरीपासून सांगितली. आधी घर, बायको, मुलं. म्हणून २०१६ मध्ये दुसरा सीझनही निघू शकला. याउलट ‘सीआयडी’चं झालं. १९९८ पासून वीस वर्षं शिवाजी साटमांना एसीपी प्रद्युम्न म्हणून पाहिलेल्या प्रेक्षकांनी, २०२५ मध्ये ते पात्र मारून नवा एसीपी आणल्यावर असा काही आवाज उठवला की प्रद्युम्नना परत आणावंच लागलं. नव्या एसीपीला लोकांशी नातं जोडायला उसंतच दिली नव्हती.

‘लेगसी’ला खरं तर एक मोठं काम करता आलं असतं. २००६ मध्ये वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे डीन ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन ‘२४’च्या मंडळींना मुद्दाम भेटले होते. जॅक छळ करून माहिती काढतो, ती दर वेळी खरी निघते, आणि ते पाहून आमच्या कॅडेट्सना तेच योग्य वाटू लागलंय, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. जुना नायक नसताना हा हिशेब मांडायला मोकळं रान होतं. ज्याच्या खांद्यावर जॅकचा वारसा नाही असा एरिक म्हणू शकला असता की मी हे करणार नाही. मग घड्याळ कितीही पळो. त्या नकारातून नवं नाट्य उभं राहिलं असतं, हॉकिन्सला त्याचं स्वतःचं काहीतरी मिळालं असतं. निर्मात्यांनी काय केलं? जॅकच्या जुन्या सहकाऱ्याला, टोनी अल्मेडाला, परत आणलं, तेही एका म्हाताऱ्याचा छळ करून त्याला बोलतं करायला. टाकून द्यायचं ते जपलं, आणि जपायचं ते टाकून दिलं. याचा मला आजही राग येतो.

आठव्या सीझनचा शेवट मी परवा पुन्हा पाहिला. जखमी जॅक मोकळ्या जागेत उभा आहे, फोनवर सहकारी क्लोईचे आभार मानतोय. ती दूर पडद्यासमोर बसलीय, ड्रोनच्या कॅमेऱ्यातून त्याला बघतेय. तो मान वर करून थेट त्या कॅमेऱ्याकडे पाहतो, आणि ती चित्र बंद करायला सांगते. मग पहिल्यांदाच आकडे उलटे सरकू लागतात. तीन, दोन, एक.