देवळालीची राखीव खुर्ची

नाशिकची देवळाली आपल्यासाठी राखीव. म्हणजे काय? उमेदवार आपला, मतं सगळ्यांची, तिकीट पक्षाचं. 1990 ते 2009 पाचही निवडणुका शिवसेनेच्या बबनराव घोलपांनी मारल्या. 2014 ला पोरगा योगेश. 29 वर्षं एकच घर! 2019, 2024 ला राष्ट्रवादीच्या सरोज अहिरे. घर बदललं, दोरी पक्षाच्याच हातात. 1932 च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले, तेव्हाच ही गाठ बसली.

याच नाशकातून 1957 ला दादासाहेब गायकवाड फेडरेशनतर्फे लोकसभेत गेले. 1930 च्या काळाराम सत्याग्रहात तापलेला माणूस. खासदार असतानाच 1959 ला भूमिहीनांचा लढा उभारला. खुर्ची मिळाली तरी रस्ता सोडला नाही.

मत मागायला येईल त्याला दारातच विचारा : तू वस्तीचा, की तिकिटाचा?