फोननं विकायला शिकवलं, ठरवायला नाही

भात झोडून झालं की आमच्या वेल्ह्याकडच्या गावात घरोघरी एकच काम सुरू होतं: इंद्रायणीच्या पोत्याचा फोटो काढायचा आणि पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. पैसे यूपीआयनं येतात. दलाल नाही, अडत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. वडिलांना हे सगळं मीच शिकवलं आणि त्याचा मला अभिमान होता. आता तो उरलेला नाही.

गेल्या हंगामात एका गिऱ्हाइकानं वडिलांना दोन घरं सोडून राहणाऱ्या तात्यांच्या दराचा स्क्रीनशॉट पाठवला. "काका, हे किलोमागे पाच रुपये कमी घेतात." वडिलांनी सहा कमी केले. संध्याकाळी आमचा स्क्रीनशॉट तात्यांकडे गेला. दलाल गेला हे खरं, पण भाव पाडायचं त्याचं काम आता आपणच एकमेकांविरुद्ध करतोय. तेही फुकट.

मग गावाच्या ग्रुपवर एकच दर ठरवा की! ठरवून पाहिला. मी पोल टाकला. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये कुणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं. पहिलं मत गावातल्या वजनदार माणसाचं पडलं आणि बाकीची त्याच्यामागे गेली. ज्यांची दोनच पोती विकायची होती, ते गप्प राहिले. चिखलात उभं राहून लावणी करणाऱ्या बहुतेक बायांचा नंबर त्या ग्रुपवर नव्हताच. ठरलेला दर दोन दिवसांत मोडला.

हा रोग जुना आहे आणि त्यावरचा अभ्यासही. संगणकानं समूहाला निर्णय घ्यायला कशी मदत करावी, यावर डिसँक्टिस आणि गॅलूप यांनी १९८७ साली पायाभूत लेख लिहिला. त्याच सुमारास अ‍ॅरिझोना विद्यापीठात जे नुनामेकर यांच्या गटानं संगणक जोडलेल्या बैठकीच्या खोल्या उभारल्या. तिथं सगळे एकाच वेळी मत लिहीत, लिहिणाऱ्याचं नाव दिसत नसे आणि लिहिलेलं जपून राही. कारण साधं होतं: बैठकीत माणूस वरच्याला बिचकतो आणि पाळी येईपर्यंत मुद्दा विसरतो.

आमच्या धंद्यानं ते शहाणपण गावाच्या फोनपर्यंत आणलं नाही. एक रुपया पाठवला तरी त्याची नोंद राहते. अख्ख्या गावाच्या तांदळाचा भाव ठरवायला मात्र अंगठ्याची इमोजी पुरते.

"गावात एकीच नाही, तिथं फोन काय करणार?" असं विचारणाऱ्यांनी गडचिरोलीतलं मेंढा-लेखा पाहावं. तिथं अभ्यासगटात विषय चघळला जातो आणि ग्रामसभेत सर्वसहमतीनं निर्णय होतो. २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक हातात आलं आणि ग्रामसभेनं बांबू विकला. घरटी वेगळा भाव काढून नव्हे, गाव म्हणून. ती एकी आयती मिळाली नव्हती. एकत्र बसून ठरवायची रीत त्यांनी वर्षानुवर्षं बसवली होती.

शनिवारी-रविवारी गावी येणाऱ्या माझ्यासारख्या इंजिनिअरांनो, आणखी एक विक्रीचं अ‍ॅप नको. मत झाकलेलं राहील, सगळ्यांचं पडल्यावरच निकाल दिसेल आणि ठरावाची नोंद पुसता येणार नाही, असं काहीतरी करा.

तोवर यंदा मी पोल टाकणार नाही. आधी देवळात बैठक, फोन नसलेल्या बायांसकट. चिठ्ठ्या टाकून दर ठरवायचा, वहीत लिहायचा, मगच पोत्याचा फोटो काढायचा. तात्यांशी बोलून झालंय.